कोरडे खुराडे

परसात दहापंधरा कोंबड्या पाळाव्यात, रोजची ताजी अंडी घरच्या घरी मिळावीत, स्वयंपाकघरातील निवडटिपण कारणी लागावे आणि मुलांनाही जिवंत प्राण्यांच्या सहवासाचा लाभ व्हावा, अशी इच्छा पुष्कळ गृहस्थांच्या मनात असते. परंतु ती अमलात आणण्याची वेळ आली म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी आणि शेजारीपाजारी यांच्याकडून जी पहिली हरकत निघते ती वासाची. ही हरकत निराधार आहे असे म्हणता येणार नाही. नाकाला पदर लावल्यावाचून ज्यांच्याजवळ उभे राहवत नाही अशी खुराडी गावोगाव आहेत. तथापि या दुर्गंधीचा दोष कोंबडीच्या माथी मारणे हा त्या बिचाऱ्या पक्ष्यावर अन्याय आहे. कोरडी माती दिसताच तीत मनसोक्त लोळून आपली पिसे साफ करणारा, दिवसभर जमीन उकरून खालची कोरडी माती वर आणणारा हा पक्षी स्वभावतः स्वच्छतेचा भोक्ता आहे. खुराड्याला जो वास येतो तो ओलीमुळे येतो, आणि ओल राहू द्यावयाची की नाही हे सर्वस्वी पाळणाऱ्याच्या हाती असते.

याचे कारण समजून घेतल्यास पुढील सर्व उपाय आपोआप ध्यानी येतील. पक्ष्यांच्या शरीरात मूत्राची निराळी वाट नसते. गाईम्हशींच्या देहातील जो नत्रयुक्त मळ मूत्रावाटे बाहेर पडतो, तोच कोंबडीच्या बाबतीत यूरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबर पडतो, आणि शिटेवर जी पांढरी टोपी दिसते ती या आम्लाचीच. ताज्या शिटेला म्हणण्यासारखा उग्र दर्प नसतो. ती ओल्या व उबदार जागी पडून राहिली म्हणजे सूक्ष्म जंतू त्या आम्लाचे विघटन करू लागतात व त्यातून नाकात झोंबणारा, डोळ्यांना पाणी आणणारा अमोनिया वायू निघतो. ओल आटली की जंतूंचा हा व्यापार मंदावतो. एक कोंबडी दिवसाकाठी सुमारे १०० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तीत तीनचतुर्थांश पाणी असते; म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात, पावसाचा एक थेंबही आत आला नाही तरी, रोज पाऊण लिटर पाणी पडत असते. शिवाय कोंबडीला घाम येत नसल्यामुळे ती उन्हाळ्यात धापा टाकून अंग थंड ठेवते, त्या श्वासातील बाष्प वेगळेच. एवढे पाणी रोजच्या रोज हवेवाटे बाहेर निघून जाईल अशी तजवीज करणे, यालाच खुराड्याची स्वच्छता म्हणावयाचे.

वास हा केवळ शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय आहे अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. कोंबडीच्या श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते व ती धूळ आणि रोगजंतू सतत बाहेर लोटीत असते. अमोनियाने ही लव निकामी होते, डोळे सुजून चिकटतात, अंडी घटतात आणि मानमोडीसारख्या श्वासावाटे शिरणाऱ्या रोगांना दार मोकळे होते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २५ भागांहून अधिक प्रमाण कोंबड्यांना अपायकारक मानले जाते. पण ते मोजण्याला यंत्राची गरज नाही. सकाळी खुराड्याचे दार प्रथम उघडताच आत वाकून, उकिडवे बसून, तळाशी अंथरलेल्या तुसाभुशाच्या गादीपासून वीतभर उंचीवर दोनचार श्वास घ्यावेत, कारण उभ्या माणसाच्या नाकाशी असलेली हवा आणि कोंबडीच्या नाकाशी असलेली हवा यांत पुष्कळ अंतर असते. डोळे चुरचुरले तर प्रमाण मर्यादेबाहेर गेले असे निश्चित समजावे. रोज तेथे वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते. म्हणून आठपंधरा दिवसांनी एखाद्या पाहुण्याला किंवा शेजारच्या मुलाला मुद्दाम बोलावून त्याचे मत विचारण्याचा शिरस्ता ठेवावा.

आता घराकडे वळू. खुराडे सखल जागी नसावे. जोते जमिनीपासून निदान फूटभर उंच असावे, आणि कोकणासारख्या मुलखात जांभ्याच्या चिऱ्यांचे दीड फूट केल्यास अधिक बरे. घराची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी म्हणजे दुपारचे ऊन आत शिरत नाही व उत्तरदक्षिण बाजूंनी वारा खेळतो. भिंत गुडघाभर उंचीची आणि तिच्यावर छपरापर्यंत जाळी ही रचना आपल्या हवेला उत्तम. मुंगूस व रानमांजर यांच्या भीतीने पुष्कळ लोक फळ्या ठोकून घर पेटीसारखे बंद करतात. त्याऐवजी अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावली तर जनावराचाही बंदोबस्त होतो आणि हवाही कोंडत नाही. छपराची पाखी तीन फूट पुढे काढावी. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून सपकारे येतात तेव्हा त्या बाजूला गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा सोडणे योग्यच आहे. परंतु तो वरून वीतभर मोकळा असावा आणि पाऊस उघडताच गुंडाळला जावा. आषाढात चारी बाजूंनी ताडपत्री आवळून कोंबड्यांना ऊब दिल्याचे समाधान मानणारे गृहस्थ वस्तुतः त्यांना त्यांच्याच शिटेच्या वाफेत कोंडीत असतात. प्रौढ कोंबडीला थंडीचे फारसे भय नाही. कोरडी थंडी ती सहज सोसते, ओलसर ऊब तिला सोसत नाही. प्रत्येक कोंबडीस आत निदान दोन चौरस फूट जागा मिळावी. या हिशेबात काटकसर करू नये, कारण जागा निम्मी झाली म्हणजे तेवढ्याच गादीवर ओल दुप्पट पडते.

तळजमीन शेणाने सारवण्याची आपली जुनी चाल घराच्या ओटीवर शोभते, खुराड्यात मात्र ती निरुपयोगी ठरते. कोंबड्या सारवण उकरून काढतात आणि खालची माती ओल धरते. मुरूम चोपून वर कोबा करावा व त्याला दाराच्या बाजूस किंचित उतार द्यावा. कोब्यावर गादी. भाताचे तूस कोकणात व मावळात भातगिरणीवर सहज मिळते आणि गादीला त्याच्याइतका चांगला पदार्थ क्वचितच आढळेल, कारण ते मोकळे राहते, लवकर कुजत नाही व हवा खेळू देते. लाकडाचा जाडसर भुसा चालतो; पिठासारखा बारीक भुसा धुळीमुळे टाळावा. देशावर भुईमुगाची टरफले वापरतात, मात्र ती भिजून बुरसली तर त्या बुरशीने पिलांच्या फुप्फुसांना रोग जडतो, म्हणून पूर्ण वाळलेलीच घ्यावीत. उसाचे पाचट बारीक तोडून घातल्यास उपयोगी पडते. अखंड पाचटाचे थर बसतात आणि त्यांखाली ओल साठते.

गादी प्रथम तीन इंच जाडीची करावी आणि पुढे थोडेथोडे तूस घालीत सहाआठ इंचांपर्यंत वाढू द्यावी. आठवड्यातून दोनदा ती दाताळ्याने तळापासून उलटावी. कोंबड्यांकडून हे काम करून घ्यावयाचे असल्यास संध्याकाळी मूठभर धान्य गादीवर विखरून द्यावे, म्हणजे त्या आनंदाने ती उकरून टाकतात. अशा खेळत्या गादीत काही काळाने उपकारक जंतूंचा जम बसतो, शीट तुसाशी एकजीव होऊन भुरभुरीत होते, आणि हाती घेतली असता तिला रानातील पालापाचोळ्याच्या मातीसारखा वास येतो. हा जम बसण्यास दोनेक महिने लागत असल्यामुळे नवी गादी फाल्गुनात घालणे हे सर्वांत शहाणपणाचे. मृग लागेपर्यंत ती पक्की होते. ज्यांनी ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस दारात उभा असताना कोरी गादी घातली, त्यांना सबंध पावसाळा चिखलाशी झगडावे लागते.

गादीची ओल ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे व ती प्रत्येकाने आत्मसात करावी. पाण्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावरची मूठभर गादी घेऊन घट्ट आवळावी आणि मूठ उघडावी. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर ओल फार झाली. गोळा क्षणभर धरून लगेच भेगाळून पडला तर प्रमाण योग्य. मूठ उघडताच धूळ उडाली तर गादी अति कोरडी झाली असून हलक्या हाताने पाणी शिंपडण्याची गरज आहे. गोळा न फुटणाऱ्या जागचा भाग फावड्याने काढून टाकून तेथे कोरडे तूस भरावे. ओल्या भागावरच नवे तूस पसरून तो झाकण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने वरून स्वच्छता दिसते, खाली मात्र हवा तुटून सडण्याची क्रिया अधिक जोराने चालते.

बहुतेक खुराड्यांत ओलीचे मूळ पाण्याच्या भांड्याशी सापडते. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हाळ्यात याच्या दुप्पट, आणि पिताना चोच झटकून आजूबाजूला उडविते. उथळ परात जमिनीवर ठेवली तर कोंबड्या तीत पाय घालतात, ती उलथवितात आणि तिच्याभोवती दोन दिवसांत काळा राडा होतो. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर येईल असे विटांवर ठेवावे किंवा टांगावे, आणि त्याखाली खडीने भरलेला व वर जाळी मारलेला एक उथळ खोका ठेवावा, म्हणजे सांडलेले पाणी गादीत न जाता खडीत मुरते. दिवसभर कोंबड्या मोकळ्या सोडण्याची सोय असेल तर पाणी बाहेर सावलीतच ठेवणे सर्वांत उत्तम.

मात्र सर्व उपायांत कमी श्रमाचा आणि अधिक फळ देणारा उपाय कोणता असे कोणी विचारल्यास, मी निःशंकपणे रात्रीच्या शिटेची व्यवस्था असे उत्तर देईन. कोंबडी दिवसरात्रीत जेवढी शीट टाकते तिचा जवळजवळ निम्मा भाग ती दांडीवर बसून झोपली असताना, एकाच जागी पडतो. दोन इंच रुंदीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी, कोंबडीमागे आठ इंच लांबी या हिशेबाने, दोनअडीच फूट उंचीवर बसवावी आणि तिच्याखाली हातभर रुंदीची फळी किंवा जुना पत्रा आडवा टाकावा; त्यावर मूठमूठ कोरडी माती भुरभुरावी. सकाळी कोंबड्या बाहेर पडल्या की खुरप्याने तो पत्रा खरवडून शीट घमेल्यात घ्यावी व खताच्या ढिगावर टाकावी. चूळ भरून चहा होईपर्यंत हे काम उरकते, आणि गादीवर पडणारा निम्मा भार तेवढ्याने कमी होतो. अंड्यांच्या पेट्या दांडीपेक्षा खाली असाव्यात, कारण कोंबडी निजण्यासाठी नेहमी सर्वांत उंच जागा शोधते आणि पेटी उंच असेल तर तीतच झोपून ती घाण करते.

या रोजच्या खरवडण्याचा आणखी एक फायदा आहे, तो असा की कळपाच्या प्रकृतीची हजेरी घेतली जाते. निरोगी शीट घट्ट, करड्या वा तपकिरी रंगाची व पांढऱ्या टोपीची असते. तिच्याच जोडीला मधूनमधून मऊ, चिकट, गडद तपकिरी व विशेष दुर्गंधी असा एक प्रकार आढळतो. नवखा माणूस त्याने घाबरतो, परंतु तो आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येणारा नैसर्गिक मळ असून त्यात रोगाचे काही नाही. रक्ताची छटा मात्र रक्ती हगवणीची सूचना होय. या रोगाच्या परजीवींची अंडी ओल्या, उबदार गादीत एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात, कोरड्या गादीत त्यांना ती संधी मिळत नाही. पातळ हिरवी शीट, मान वाकडी होणे, धाप, अशी लक्षणे एकत्र दिसली तर मानमोडीची शंका धरून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. सर्व कळपाची शीट एकाएकी पातळ झाली आणि कोंबड्या मात्र टवटवीत असल्या, तर आदल्या दिवसाच्या खाद्याचा तपास करावा. खाऱ्या माशांची मुंडकी, लोणच्याचा खार, पंगतीतील उरलेले झणझणीत कालवण असे पदार्थ खाऊन कोंबड्या भरमसाट पाणी पितात व ते सर्व गादीवर येते. घरचे उरलेले अन्न घालावयाचे ते बिनमिठाचे, तासाभरात संपेल एवढेच, आणि उरल्यास संध्याकाळी उचलून टाकावे.

वास आला की चुना किंवा राख टाकावी, ही समजूत फार रूढ आहे. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य वाटते. विझवलेला चुना ओल शोषतो हे खरे, पण तो अल्कधर्मी आहे, आणि अल्कधर्मी वस्तूच्या संगतीत गादीमध्ये बांधून राहिलेला अमोनिया मोकळा होऊन एकदम वर येतो. चुलीच्या राखेचाही गुण तोच. म्हणून कोंदट खुराड्यात, कोंबड्या आत असताना, ओल्या गादीवर चुना पसरणे म्हणजे वासात भर घालणे होय. चुना रिकाम्या तळजमिनीवर, भिंतींना आणि उंबऱ्याबाहेर वापरावा. राख कोरड्या मातीत मिसळून कोंबड्यांना लोळण्यासाठी खोक्यात भरून ठेवावी, तेथे ती उवा व पिसवांवर चांगले काम करते. गादीतील अमोनिया बांधून ठेवण्यास शेतकऱ्याच्या घरी असणारे सुपर फॉस्फेट अधिक उपयुक्त. शंभर चौरस फुटांना एक किलो या अदमासाने ते गादीत नीट मिसळावे, त्याने खताचा कसही वाढतो. फिनेल, डांबरगोळ्या, उदबत्ती यांनी एक वास दुसऱ्याखाली दडतो, एवढेच. ब्लीचिंग पावडर तर ओल्या विष्ठेवर कदापि टाकू नये. तिच्यातील क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगाने विषारी वायू निर्माण होतात व ते माणसालाही धोक्याचे आहेत.

माश्यांचा प्रश्न ओलीशी जोडलेलाच आहे. उबदार हवेत घरमाशीच्या अंड्यापासून नवी माशी उडू लागेपर्यंत सातदहा दिवस पुरतात; ओला भाग तीनचार दिवसांच्या आत काढला गेला की हे चक्र अर्ध्यावरच तुटते. माचाणावर, जाळीच्या तळाचे खुराडे ज्यांनी केले आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण खाली साचलेल्या शिटेकडे लक्ष जात नाही आणि प्रथम अळ्या, मग माश्या घरभर होतात.

वर्षातून एकदा, वर सांगितल्याप्रमाणे फाल्गुनात, खुराड्याची मुळापासून सफाई करावी. तेवढे दिवस कोंबड्यांना झाडाखाली तात्पुरत्या आडोशात ठेवून रात्री डालगे घालून डालण्याची व्यवस्था करावी. सर्व गादी काढावी, जाळीजळमटे झाडावीत, दांड्या, पेट्या व भांडी बाहेर उन्हात टाकावीत, आणि कोबा व भिंती धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने खरवडून घासाव्यात. जंतुनाशक त्यानंतर, कारण मळ चिकटलेल्या जागेवर कितीही तीव्र औषध ओतले तरी ते मळातच जिरते. दांड्यांच्या टोकांशी, फळ्यांच्या सांध्यांत व भिंतीच्या भेगांत दिवसा दडून रात्री रक्त पिणारे बारीक तांबडे किडे आणि गोचीड राहतात. गोचीड अन्नावाचून महिनोन्‌महिने जगत असल्यामुळे, नुसते घर रिकामे ठेवून ती मरत नाही. भेगा बुजवून, सांध्यांत केरोसीन लावून ते पुरते वाळू द्यावे आणि मग सर्वत्र दाट चुन्याची सफेदी द्यावी. घर वाळल्यावर नवी गादी घालताना, मागील वर्षी रोग झाला नसेल तर, जुन्या कोरड्या गादीतील एकदोन घमेली तीत मिसळावीत. विरजण लावल्याप्रमाणे उपकारक जंतूंची त्यात सुरुवात होते.

सफाई करताना नाकातोंडाला फडके बांधावे, धूळ उडत असल्यास थोडे पाणी शिंपडावे, खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि हात साबणाने धुतल्यावाचून अन्नाला शिवू नये. मुलांच्या बाबतीत तर ही शिस्त कडक असावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर फेकणे, विकणे वा खाणे हा सार्वजनिक गुन्हा समजावा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तत्काळ वर्दी द्यावी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आढळली आणि तेथील कुक्कुटपालकांचे कळपच्या कळप नष्ट करावे लागले, ही घटना आपल्या राज्यातील कोणाही कोंबडीवाल्याने विसरण्याजोगी नाही.

राहता राहिली काढलेल्या शिटेची विल्हेवाट. पुष्कळदा खुराडे स्वच्छ असते आणि वास येतो तो शेजारच्या उघड्या ढिगाचा. कोंबडखतात नत्र सुमारे ३ टक्के, तर साध्या शेणखतात अर्धा टक्का. इतके मोलाचे द्रव्य उघड्यावर वाऱ्यावर सोडणे हे नुकसानीचे आहे. विहिरीपासून व घरापासून दूर, उंचवट्यावर जागा निवडावी. शिटेच्या एका घमेल्यास वाळलेला पालापाचोळा, पाचट किंवा भाताचा पेंढा यांची तीन घमेली असे थर द्यावेत, प्रत्येक थरावर माती पसरावी, ढीग भिजवलेल्या व पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवावा आणि पावसाळ्यात वर ताडपत्री घालावी. काही दिवसांत तो हात लावू नये इतका तापतो. तो निवला की उलटावा, पुन्हा तापू द्यावा. दोनतीन महिन्यांनी रंग काळसर झाला, तूस व पाला ओळखू येईनासा झाला आणि उलटूनही ढीग तापेनासा झाला म्हणजे खत पिकले. कच्ची शीट भाजीच्या वाफ्यात घातल्यास मुळे करपतात; हे पिकलेले खत मात्र नारळाच्या व आंब्याच्या आळ्यात, बुंध्यापासून दोन हात दूर, पहिला पाऊस पडून माती ओली झाल्यावर मिसळावे, आणि भाजीला द्यावयाचे ते लागवडीच्या आधी पंधरा दिवस.